दारावरचा पोचा

भांडे हातातून पडले की त्याला पोचा येतो. आमच्या लहानपणी घरात तांब्या-पितळेची भांडी असत आणि पोचा न आलेले भांडे शोधूनही सापडत नसे. वर्षातून एकदा कल्हईवाला येई, अंगणात भाता लावी, भांडी लखलखीत करून देई. पण पोचे तसेच ठेवी. आजीला त्याचे काही वाटत नसे. उलट 'हा तांब्या तुझ्या बापाने विहिरीत टाकला होता' असे ती एखाद्या पोच्यावर बोट ठेवून सांगे. तिच्या लेखी पोचा ही त्या भांड्याची जन्मपत्रिका होती.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या मोटारीच्या मागच्या डाव्या दाराला एक पोचा आला. आजीसारखे त्याच्यावर बोट ठेवून सांगणे मला जमले नाही. का जमले नाही, याचा विचार करताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

घटना अगदी क्षुल्लक आहे. माझी शाळा पेडणे तालुक्यात आणि घर डिचोली तालुक्यातल्या एका खेड्यात. त्या संध्याकाळी पाऊस मी म्हणत होता. घराच्या फाटकातून गाडी आत घेताना वळण चुकले आणि डावी बाजू चिऱ्याच्या खांबाला घासली. आवाज झाला तेव्हाच पोटात गोळा आला. उतरून पाहिले, तर दाराचा पत्रा वीतभर लांबीत आत गेला होता आणि त्याच्या मध्यावर एक खोल ओरखडा होता. तीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाने स्वतःच्याच फाटकाला गाडी लावावी! घरात शिरताना बायकोने विचारले, "उशीर का झाला?" मी म्हणालो, "म्हापशाच्या बाजारात कुणीतरी गाडी ठोकून गेला. मी खरेदी करून परत येईपर्यंत तो पसार."

हे वाक्य मी आधी ठरवले नव्हते. ते आपोआप आले. खोटे बोलणाऱ्या विद्यार्थ्याला 'तू असे का बोललास?' म्हणून विचारले, तर 'आपोआप आले सर' हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी ते खोटे आहे असे मानले आहे.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य शिक्षकांच्या खोलीत गेले. आता असे पाहा, या खोट्याने कुणाचे नुकसान झाले? गाडी माझी, खांब माझा, दार दुरुस्त करण्याचा खर्च माझा. मी विम्याचा दावा केला नाही, पोलिसांत तक्रार दिली नाही. ज्याच्यावर आरोप केला तो मनुष्य अस्तित्वातच नव्हता. ज्या खोट्याने कुणाच्याही केसाला धक्का लागत नाही, ते खोटे खोटे का म्हणावे, हा प्रश्न जुना आहे. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली एक छोटा निबंध लिहून त्याचे टोकाचे उत्तर दिले. खुनी मनुष्य दाराशी येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला, तरी खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असे त्याचे म्हणणे. एम. ए.ला असताना हे मला माणुसकीला सोडून वाटले होते आणि आजही वाटते. आपली परंपरा अधिक समजूतदार आहे. तरीही, 'नरो वा कुंजरो वा' असे पुटपुटल्यावर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला, हे व्यासांनी सांगून ठेवलेच आहे. माझ्या गाडीची चाके आधीपासूनच जमिनीवर असल्यामुळे मला काही जाणवले नाही, इतकेच.

पण नुकसान झाले होते. ते मला फार उशिरा दिसले.

शिक्षकांच्या खोलीत माझी हकिकत ऐकून सगळ्यांना चेव चढला. कुणी म्हणाले, भाड्याने गाड्या घेऊन फिरणारे पर्यटक असेच चालवतात. दुसरे कुणी म्हणाले, "छे, ती पलीकडची गाडी असणार. महाराष्ट्राची पाटी पाहिली की मी चार हात दूर राहतो." सगळे हसले. आणि मी, आयुष्यभर मराठीत लिहिणारा, ज्याचे निम्मे सोयरे सावंतवाडी-दोडामार्गाकडचे, मान डोलावून म्हणालो, "असेल, असेल." आमच्या शाळेत एक बाई रोज बांद्याहून सीमा ओलांडून शिकवायला येतात. त्यांच्या स्कूटरवर ती 'पलीकडची' पाटी आहे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि वर्गावर निघून गेल्या. तास सुरू व्हायला अजून दहा मिनिटे होती.

सीमेवर राहणाऱ्या आपण लोकांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या घरात दोन भाषा नांदतात. स्वयंपाकघरात कोंकणी आणि पोथीत मराठी, असे आपले पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. तरीही 'अलीकडचे' आणि 'पलीकडचे' ही दोन कपाटे आपल्या मनात तयार असतात आणि दोन्हीकडच्या मनांत ती सारखीच असतात. 'कुणीतरी' म्हणून सोडलेला आरोप हवेत तरंगत राहत नाही. ऐकणारे त्याला पाटी देतात, बोली देतात, गाव देतात. निनावी माणसावर केलेला आळ शेवटी नाव असलेल्या माणसाच्या कपात पडतो.

हे मला त्या दिवशी कळले असते तर बरे झाले असते. मला काळजी होती ती पोच्याची.

गाडी गॅरेजमध्ये नेणे सोपे होते. डिचोली-साखळी रस्त्याच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. आमच्याकडे त्याला टिंकर म्हणतात. खाणी जोरात चालत होत्या तेव्हा खनिजाच्या ट्रकांची कामे त्याला रात्रंदिवस असत. २०१२ साली खाणी थांबल्या आणि मग २०१८ साली पुन्हा थांबल्या, तेव्हा तो मोटारींकडे वळला. पण त्याच्याकडे न्यावे कसे? त्याचा डोळा तयार. बाजारात दुसऱ्या गाडीचा धक्का लागला तर पोचा कसा येतो आणि खांबाला घासल्यावर कसा येतो, हे त्याला विचारण्याचीही गरज नाही. म्हणून मी ठरवले की दिवाळीच्या सुटीत हे काम घरीच करायचे. 'स्वावलंबन' या विषयावर मी प्रार्थनेच्या वेळी अनेकदा बोललो आहे. तोच शब्द घरी वापरला. तोवर मी गाडी नेहमी डावी बाजू भिंतीकडे करून उभी करीत असे.

सामान आणले. पुट्टीचा डबा, हार्डनरची नळी, ऐंशी नंबरापासून आठशे नंबरापर्यंतचे पॉलिश पेपर, प्रायमर, पांढऱ्या रंगाचे फवाऱ्याचे डबे, मास्किंग टेप. आधी गरम पाणी ओतून रबरी पंपाने पोचा ओढून पाहिला. उथळ पोचा असला तर तो अशाने कधीकधी बाहेर येतोही. पण जिथे पत्र्याला घडी पडली आहे तिथे हा उपाय चालत नाही. मग दाराच्या आतले आवरण काढावे, पाठीमागून हात घालावा, हे खरे काम होते. ते मी टाळले. खटाटोप फार होता आणि खड्डा बुजवायला डबाभर पुट्टी हाताशी होती.

चिंचोक्याएवढा हार्डनर मिसळून पुट्टी लावली. ती काही मिनिटांतच घट्ट होते, म्हणून घाईघाईने लावली. एका थराने भागेना, दुसरा दिला, तिसरा दिला. वाळल्यावर पेपर पाण्यात बुडवून घासली, रात्रभर तशीच उघडी ठेवली. सकाळी दंव पडले होते. मग प्रायमर, मग दर पंधरा मिनिटांनी एक असे रंगाचे तीन पातळ हात. चार दिवसांनी दार असे गुळगुळीत झाले की मी त्याच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवीत होतो. शेजारी म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर कारागीर झालात!" बायको दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही. मला त्या न बोलण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

शिगम्याच्या सुमारास त्या गुळगुळीत पांढऱ्या दारावर एक फोड आला. मग दुसरा. मग केसासारखी एक चीर गेली आणि तिच्यातून तांबूस पाणी ओघळू लागले.

याचे शास्त्र पुढे मला समजले. पुट्टीला सूक्ष्म छिद्रे असतात. ती उघडी असताना पाण्याने घासली किंवा दंवात ठेवली की ओल शोषून घेते आणि मग आपण तिच्यावर रंग चढवून ती ओल आत कोंडतो. पत्रा आतून गंजू लागतो. शिवाय जाड थर पत्र्याबरोबर हलत नाही. दार आपटले, ऊन तापले, की पत्रा वाकतो, पसरतो आणि पुट्टी तडकते. म्हणून ती दोन-तीन मिलिमीटरांहून जाड असू नये. पत्रा आधी जवळजवळ मूळ जागी आणावा आणि उरलेली उणीव तेवढी पुट्टीने भरावी. मी हे उलट केले होते. खड्डा जसाच्या तसा ठेवून वर समतल पृष्ठभाग रचला होता.

डिचोलीकराला गंजाचे आश्चर्य वाटू नये. आपल्या डोंगरांतून जे खनिज निघाले आणि बार्जांतून मांडवीवाटे बंदरात जाऊन जपान-चीनला गेले, ते म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. भट्टीत घालून माणूस त्यातला प्राणवायू काढून घेतो तेव्हा लोखंड मिळते. ओल आणि हवा मिळाली की लोखंड तो परत घेते, त्याला आपण गंज म्हणतो. आपल्या घराचा चिरा लाल दिसतो तोही त्याच कुळामुळे. रंगाचा थर हा या परतीच्या वाटेवरचा पहारा आहे. पहारा आतून पोखरला गेला तर बाहेरून कितीही चकचकीत असून उपयोग नसतो.

शेवटी मे महिन्याच्या सुटीत गाडी घेऊन त्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याने काही न विचारता माझी पुट्टी यंत्राने घासून काढायला सुरुवात केली. बोटभर जाडीचा थर निघाला. तळाशी तो ओरखडा होता आणि त्यात लाल कण बसले होते. मी घाईने म्हणालो, "गंजला पाहा किती!" त्याने नखाने एक कण काढला, अंगठ्यावर चुरडला आणि म्हणाला, "हें जंग न्हय सर. हो चिरो."

तो हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आवरणाचे स्क्रू काढू लागला.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. हा मुलगा नववीत असताना भूगोलाच्या वर्गातला पत्र्याचा पृथ्वीगोल त्याच्या हातून पडला होता. पॅसिफिक महासागरात चांगला मुठीएवढा पोचा आला. त्याने गोल उचलून जागेवर ठेवला आणि पोच्याची बाजू भिंतीकडे केली. आठवड्याने मला ते दिसले. चौकशी केली, त्याचे नाव निघाले. मी त्याला प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर उभे करून कबुली द्यायला लावली. 'शिक्षा मोडल्याबद्दल नाही, लपवल्याबद्दल आहे' हे माझे वाक्य मला स्वतःलाच फार आवडले होते. मुलगा रडला नाही. त्यानंतर दोन वर्षे तो माझ्या वर्गात कधी हात वर करून उत्तर द्यायला उठला नाही. तेव्हा मला वाटले, सुधारला.

त्याला ती गोष्ट आठवते का, मला माहीत नाही. मी विचारले नाही.

आवरण निघाल्यावर त्याने मला जवळ बोलावले. मी एक हातोडी उचलून पोच्याच्या उंचवट्यावर ठोकण्याच्या पवित्र्यात होतो. तो म्हणाला, "भायल्यान मारूं नाकात सर. पत्रो भितरल्यान उखलचो पडटा." मग त्याने लोखंडी ठोकळा एका हाताने बाहेरून धरला आणि आतून हलक्या हाताने ठोके देऊ लागला. मधोमध नाही, कडेपासून. जो मार शेवटी बसला तो आधी काढायचा, हा त्या धंद्यातला नियम त्याने मला समजावला. मधला खड्डा एकदम उचलायला गेले की पत्रा ताणतो, फुगतो आणि मग तो कधीच पूर्वीसारखा बसत नाही. अर्ध्या तासात दार पुष्कळसे जागेवर आले. नंतर अगदी पातळ पुट्टी, ती कोरडीच घासलेली, मग प्रायमर आणि रंग. रंग वाळल्यावर मी म्हणालो, थोडा वेगळा दिसतो. तो म्हणाला, "रंग जुळटा सर, पिराय जुळना." रंग जुळतो, वय जुळत नाही. जुना रंग उन्हापावसात पिवळा पडलेला. नवा त्याच्याशेजारी काही वर्षे नवाच दिसणार.

परतताना मी सरळ घरी न जाता गाडी नार्व्याकडे घेतली. सप्तकोटेश्वराचे देऊळ आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. कदंबांचे हे दैवत मूळ दिवाडी बेटावरचे. पोर्तुगीज अमलात तिथले देऊळ उद्ध्वस्त झाले आणि देव नदीपलीकडे नार्व्याला आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तसा शिलालेख दरवाजावर आहे. अलीकडे पुन्हा डागडुजी होऊन २०२३ साली ते नव्याने खुले झाले. विद्यार्थ्यांच्या सहली मी तिथे कितीदा नेल्या आहेत, शिलालेख वाचून दाखवला आहे. पण त्या दिवशी प्रथमच एक गोष्ट लक्षात आली. दुरुस्ती करणाऱ्याने 'हे देऊळ असेच होते' असे म्हटलेले नाही. दुरुस्ती केली, कुणाच्या आज्ञेने केली, केव्हा केली, हे दगडावर कोरून प्रवेशद्वारावरच ठेवले आहे. आत जाणारा प्रत्येक जण त्याच्या खालून जातो. जीर्णोद्धार या शब्दातच जीर्ण हा शब्द आहे. तो गाळून उद्धार होत नाही.

म्हणजे पोचा काढणे हा दोष नव्हे. आजीसारखे पोचे जपून ठेवलेच पाहिजेत असेही नाही. गंजणाऱ्या पत्र्याला तर ते परवडणारे नाही. माणसाच्या चुकीबाबतही तसेच आहे. जन्मभर ती कपाळावर मिरवावी असे कोणताच शहाणा धर्म सांगत नाही. मनुस्मृतीतल्या पुष्कळ गोष्टी आज आपल्याला मान्य होणार नाहीत. पण तिच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग सांगताना ख्यापन, म्हणजे स्वतः होऊन सांगणे, आणि अनुताप यांना तपाच्याही आधी स्थान दिले आहे. तो क्रम मला टिंकरच्या कामासारखा वाटतो. आधी आतून उचलायचे, मग वरचा लेप.

आणि येथेच माझ्यातल्या शिक्षकाची पंचाईत झाली. त्या मुलाच्या कबुलीला मी ख्यापन समजत होतो. ते ख्यापन नव्हते. मी बाहेरून हातोडी मारली होती आणि तीही अगदी मधोमध, साऱ्या शाळेसमोर. पत्रा ताणला गेला. तो गप्प झाला याला मी सुधारणा म्हटले. कुणी विचारील, मग लपवणाऱ्या मुलाला सोडून द्यायचे काय? नाही. सोडून देणे म्हणजे वरून पुट्टी थापणे. पण त्याला एकट्याला बोलावून, आधी माझ्या हातून काय काय मोडले आहे ते सांगून, त्याच्या तोंडून सत्य बाहेर यायला वेळ देता आला असता. त्याला अर्धा तास लागला असता. शाळेत मला तेवढा वेळ नव्हता, असे मी समजत होतो.

त्या रात्री बायकोला खरे सांगितले. ती म्हणाली, "मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाच्या चिऱ्याचा टवका मीच झाडून काढला." दहा महिने! मी विचारले, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

शिक्षकांच्या खोलीत सांगणे अधिक कठीण गेले. सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी चहाच्या वेळी उभा राहिलो आणि दोन वाक्यांत सांगून टाकले. मग बांद्याच्या बाईंकडे वळून म्हणालो, "आणि 'असेल, असेल' म्हणालो होतो, ते मागे घेतो." क्षणभर कुणी बोलले नाही. बाईंनी चहाचा घोट घेतला. "सर," त्या म्हणाल्या, "खांबाला फार लागले नाही ना?" तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर 'पलीकडच्या पाटी'वरची थट्टा आमच्या खोलीत पुन्हा झाली नाही, असे मी म्हणणार नाही. झाली. पण आता मी तिला मान डोलवत नाही.

त्या विद्यार्थ्याकडे मात्र अजून जायचे आहे. गाडीचे पैसे चुकते केले. बाकीचे देणे राहिले आहे. दिवाळीच्या सुटीत फराळाचा डबा घेऊन जाईन म्हणतो. या वेळी गाडी उभी करताना कोणती बाजू भिंतीकडे करायची, याचा विचार करावा लागणार नाही.

खांबाचा टवका मी तसाच ठेवला आहे. गवंडी म्हणाला, सिमेंट लावून देतो. मी नको म्हटले. फाटकातून आत येताना तो बरोबर डोळ्यांसमोर येतो आणि वळण जरा सांभाळून घेतले जाते.